पहिले दोन शब्द

गौतमा,

मागच्या महिन्यात, तू गेल्यावर झालेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात पुण्याहून आलेल्या एक प्राध्यापकबाई तुझ्या नाटकांतल्या मौनावर वीस मिनिटं बोलल्या. तुझी पात्रं दोन वाक्यांच्या मध्ये थांबतात, त्या थांबण्यात आजच्या माणसाचं एकटेपण आहे, शब्दांवरचा अविश्वास आहे, असं बरंच काही. बाई मनापासून बोलत होत्या, अभ्यासही होता. पण मला हसू फुटलं. मी रुमाल तोंडावर धरला, तरी खांदे हलायला लागले, तशी शेजारच्या माणसानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्याला वाटलं मी रडतोय. मग खरंच रडायला आलं, म्हणजे त्याचा हात काही फुकट गेला नाही.

एकटेपण कसलं, राव. प्रेस शॉप होतं ते. एका ओळीत बारा पॉवर प्रेस, प्रत्येक प्रेसचा जड ठोकळा वरून खाली यायचा, पत्र्याचा तुकडा साच्यात दाबायचा, आणि त्या आवाजात शेजारच्याशी बोलायचं तर दोन ठोक्यांच्या मधे बोलावं लागायचं. चार शब्द, ठोका. तीन शब्द, ठोका. लांबलचक बोलणाऱ्याचं अर्धं वाक्य मशीनच्या पोटात जायचं. तुझ्या हस्तलिखितात कुठंही ‘विराम’ हा शब्द नाही, कंसात ‘ठोका’ लिहिलेलं आहे. पुस्तक निघालं तेव्हा प्रकाशकानं सगळीकडे त्याचा विराम करून टाकला. मी भांडायला निघालो होतो, तूच म्हणालास, राहू दे, लोकांना विराम कळतो. राहू दिलं, आणि आता त्यावर बाया पीएचडी करतायत.

त्या दिवशी मलाही बोलायला सांगितलं होतं. मी नाही म्हणालो. चाळीस वर्षं विंगेत स्टुलावर बसून नटांना वाक्यं पुरवणारा माणूस एकदम उजेडात येऊन काय बोलणार? तुझ्या लेकीनं, प्रज्ञानं, ते मानलं, पण सुटका केली नाही. बाबांवर पुस्तक काढतोय, त्यात तुम्ही लिहा, म्हणाली. ‘दोन बटणं’ हे नाटक बाबांना कसं सुचलं हे तुमच्याशिवाय कोणाला माहीत असणार, काका? पोरगी सहज बोलून गेली. मला त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही. कारण ते नाटक कसं सुचलं हे खरंच माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. तुला होतं, आणि तू कधी बोलला नाहीस.

लोकांना जे माहीत आहे तेही खोटं नाही. तुझे वडील मराठवाड्यातून आले, कंपनीत लागले, आणि एका खोलीत सात जणांत तू वाढलास. विहाराच्या वाचनालयातली पुस्तकं तू दोनदोनदा वाचून संपवलीस. तुझ्या पहिल्या नाटकात झाडून सगळी पात्रं भाषणं करायची, कारण तोवर तू जयंतीच्या मांडवातली भाषणंच काय ती ऐकली होतीस. त्या नाटकाचा एकच प्रयोग झाला आणि पाऊण तासानंतर समोर फक्त तुझी आई होती. पुढे प्रेसवर लागलास आणि तुझी भाषा आपोआप आखूड झाली. तुला मशीननं नाटककार केलं, असं मी चारचौघांत म्हणायचो, आणि तू चिडायचास.

माझं वेगळं होतं. आमची जमीन कंपनीच्या कुंपणात गेली आणि तिच्या बदल्यात मला नोकरी मिळाली, ती पहिल्या दिवसापासून कायम. तू टेम्पररी, सात महिने झाले की ब्रेक देऊन घरी. म्हणून तू मला पाटील म्हणायचास. आम्ही पाटील नव्हे, साधे शेतकरी, हे मी तुला शंभरदा सांगितलं. ‘कंपनी तुझ्या जमिनीवर उभी आहे ना? मग पाटीलच,’ असं म्हणून तू माझ्याच डब्यातली भाकरी उचलायचास. पहिल्यांदा घरी आलास तेव्हा माझ्या आईनं तुला वेगळ्या कपात चहा दिला होता. मी मान खाली घालून बसलो. तू चहा प्यायलास, कप विसळून पालथा घातलास, आणि पुढच्या खेपेला आल्या आल्या म्हणालास, ‘मावशी, माझा कप कुठाय?’ तिसऱ्या खेपेपर्यंत आईनंच तो फळीवरून काढून टाकला. तो कप तुझ्या दुसऱ्या नाटकात आहे, कान तुटलेला आणि सगळा तसाच. आईनं ते नाटक शेवटपर्यंत बसून पाहिलं.

आता मुद्द्यावर येतो. इतका वेळ टाळत होतो, हे तुला कळलंच असेल.

आपण आधी शेजारशेजारच्या प्रेसवर होतो. मग शिफ्ट बदलल्या आणि सात नंबरची प्रेस आपल्या दोघांत आली, सकाळी तू, दुपारी मी. आपल्या शॉपमध्ये एक रीत होती, जाणाऱ्यानं येणाऱ्याला मशीन सांगायचं. क्लच ढिला झालाय, साचा तापलाय, डावं बटण कडक लागतंय. दोन मिनिटांचं काम. त्याला वही नव्हती, सही नव्हती. पण मशीन न सांगता कोणी गेला तर दुसऱ्या दिवशी त्याच्याशी कोणी चहा प्यायचं नाही.

प्रेसला दोन बटणं असायची, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ठोका पडणार. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे साच्यात हात राहत नाही, अशी ती युक्ती. माणूस युक्तीवर युक्ती काढतोच. एका बटणाच्या कडेला लाकडाची बारीक पाचर मारली की ते दाबलेलंच राहतं आणि सगळं काम एका हातानं होतं. कोणी माल जास्त निघावा म्हणून पाचर मारायचं, कोणी तंबाखू मळायला हात मोकळा राहावा म्हणून. तू मारायचास लिहायला. उजव्या बटणाला पाचर, डाव्या हातानं पत्रा ठेवायचा, डाव्यानंच बटण दाबायचं, आणि उजव्या हातात पेन्सिल. मांडीवर कामाची नोंद करायच्या जॉब कार्डाची कोरी पाठ. तुझी सुरुवातीची सगळी नाटकं त्या कार्डांच्या पाठीवर आहेत. शिफ्ट सुटली की पाचर उपटून खिशात घालायची आणि मशीन सांगून जायचं, हे तू कधी चुकवलं नाहीस. एकदाच चुकवलंस.

दुपारचे साडेतीन वाजले होते. मी कपडे बदलून आलो तर सात नंबरवर कोणी नाही. तू गेटकडे भराभर निघाला होतास, स्वतःशीच काहीतरी पुटपुटत. म्हटलं, ह्याला संवाद सुचलाय, आता हाक मारली तर शिव्या देईल. मारली नाही. माझी स्वतःची एक वाईट खोड होती. उजव्या हातानं पत्रा ठेवताना डावा तळवा मी बटणावर आधीच टेकवून ठेवायचो, तेवढाच वेळ वाचायचा. दुसरं बटण दाबल्याशिवाय ठोका पडत नाही, ही खात्री असायची ना. म्हणजे चूक एकट्या तुझी नव्हती. हे मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितोय.

उजव्या हाताची दोन बोटं गेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. ओरडलो की नाही ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच की उजव्या बटणाला पाचर दिसली, ती घट्ट बसावी म्हणून तिला गुंडाळलेला जॉब कार्डाचा तुकडा दिसला, आणि त्यावर तुझं अक्षर दिसलं. लोक धावत येईपर्यंत मी डाव्या हातानं ती उपटून खिशात घातली होती. का घातली, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पाचर सापडली असती तर त्याच दिवशी तुला गेटबाहेर काढलं असतं, शिवाय तुझे वडीलही तिथंच होते. पण ही कारणं मी नंतर जुळवलेली असतील. तेव्हा डोक्यात आलं ते फार साधं होतं. हा कागद गौतमचा आहे, हरवला तर चिडेल.

चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, बटणाला पाचर होती का? मी म्हणालो, ‘न्हाई साहेब. माझंच ध्यान नव्हतं.’ आधीच्या शिफ्टला तू होतास म्हणून तुलाही बोलावलं. मशीन व्यवस्थित चाललं होतं, एवढं सांगून तू बाहेर गेलास. माझ्याकडे पाहिलं नाहीस. पाचर सापडली नाही म्हणजे ती मीच काढली, हे तुला कळलं होतं, आणि तुला कळलंय हे मला कळलं. या विषयावर आपलं दोघांचं बोलणं झालं ते एवढंच, आणि त्यात शब्द एकही नव्हता.

दवाखान्यात मात्र तू रोज यायचास. पेपर वाचून दाखवायचास, नर्सबाईंच्या नकला करायचास, माझ्या आईला हसवायचास. एक दिवस म्हणालास, तुला आता स्टोअरमध्ये टाकतील, संध्याकाळी रिकामाच असशील, आमच्याकडे प्रॉम्प्टर नाही. मी म्हणालो, मला भरभर वाचता येत नाही. शिकशील, म्हणालास, आणि शिकवलंस. मला वाचायला खरं तू शिकवलंस, शाळेनं नाही. प्रॉम्प्टिंगचा नियम तू एकच सांगितलास. ‘नट अडला की पहिले दोन शब्द द्यायचे, पाटील. तिसरा द्यायचा नाही. तिसरा दिलास की वाक्य त्याचं राहत नाही.’ एवढ्या एका नियमावर मी चाळीस वर्षं काढली.

तू मला विंगेत आणलंस ते मैत्रीनं की मनाला लागून राहिलं होतं म्हणून, हा विचार माझ्या मनात यायचा. पुढे पुढे यायचा बंद झाला. दोन्ही असेल. मला त्या स्टुलावरून जे जग दिसलं ते स्टोअरच्या खिडकीतून कधी दिसलं नसतं, आणि त्यासाठी मी तुझे आभार मानायला हवे होते. मानले नाहीत. आपल्यात आभार मानायची पद्धत नव्हती, तशी माफी मागायचीही नव्हती.

दोन वर्षांनी ‘दोन बटणं’ आलं. त्यात पाचर सुपरवायझर मारतो. एका कामगाराचा हात जातो, चौकशीत सगळे खाली मान घालून बसतात, आणि अगदी शेवटी शेजारच्या प्रेसवरचा सदा उठतो. म्हणतो, ‘पाचर मी बघितली होती, साहेब.’ पडदा. पहिलं वाचन तालमीच्या खोलीत झालं. वही माझ्या तीन बोटांच्या हातात होती. सगळ्यांनी तुला मिठ्या मारल्या. मी टपरीवर जाऊन उभा राहिलो, आणि तू मागोमाग आलास.

मी म्हणालो, ‘असं कुनी उठत न्हाई रं. खऱ्यात कुनीबी उठत न्हाई.’

तू चहा संपवलास. मग म्हणालास, ‘म्हणूनच नाटकात उठायला लागतंय, पाटील.’

हे भांडण आपण पुढे सगळा जन्म केलं. शेवट खोटा आहे, मी म्हणायचो. शेवट पाहिजे तसा आहे, तू म्हणायचास. कधी चहावर, कधी एसटीत, एकदा तर तुझ्या सत्काराच्या मांडवामागे, हार गळ्यात असताना. ऐकणाऱ्यांना वाटायचं, काय ही दोन कामगारांची नाट्यचर्चा. आपण कशावर भांडतोय हे फक्त आपल्याला माहीत होतं, आणि ते आपण एकमेकांनाही कळू देत नव्हतो.

चिंचवडचा तो प्रयोग तुला आठवत असेलच. सदाचं काम करणाऱ्याला कावीळ झाली आणि ऐन वेळी तू स्वतः उभा राहिलास. नट तू बेताचाच. हातांचं काय करायचं हे तुला कधी कळलं नाही. तरी सगळं रेटून नेलंस. चौकशीचा प्रवेश आला, तू उठलास, आणि थांबलास. एक ठोका. दोन. तीन. वाक्य तुझंच लिहिलेलं, शेकडो वेळा ऐकलेलं. मी नियमाप्रमाणे विंगेतून दोन शब्द दिले, ‘पाचर मी.’ तू ते ऐकलंस, आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलंस.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की या दोन शब्दांपुढे दोन वाक्यं येऊ शकतात. एक वहीत होतं. दुसरं तुझ्या ओठांवर आलं होतं, मला विंगेतून स्पष्ट दिसत होतं. समोर भरलेलं थिएटर, पहिल्या रांगांत आपल्या शॉपची माणसं, वहिनी, मांडीवर लहानगी प्रज्ञा. मी घाबरलो, गौतमा. मी तिसरा शब्द दिला. ‘बघितली,’ असं म्हणालो, आणि जरा मोठ्यानंच म्हणालो. तू डोळे मिटलेस. मग लोकांकडे वळून म्हणालास, ‘पाचर मी बघितली होती, साहेब.’ टाळ्या थांबेनात. तुझ्या त्या थांबण्याबद्दल पेपरात लिहून आलं. पुण्यानुमोदनाला बोललेल्या प्राध्यापकबाईंनी तोच प्रयोग पाहिला होता, कॉलेजात असताना, शेवटच्या रांगेत बसून.

मेकअप पुसताना तू आरशातूनच म्हणालास, ‘आज तिसरा शब्द दिलास.’

‘चुकलं,’ मी म्हणालो.

‘असू दे,’ म्हणालास, आणि टॉवेल माझ्याकडे फेकलास.

त्यावर मी फार विचार केलाय. तुला वाचवलं, असं स्वतःला सांगत आलो. त्यात थोडं खरं आहे. पण आज तू उलट बोलणार नाहीस म्हणून बाकीचंही सांगतो. मला ते आवडायला लागलं होतं. तू मोठा झालास, मुंबईहून लोक तुला भेटायला यायला लागले, मंत्र्याला तोंडावर सुनावणारा माणूस म्हणून तुझं नाव झालं. आणि तरी माझ्यासमोर आलास की तुझी नजर माझ्या उजव्या हातावर जायची आणि खाली वळायची. कुणापुढे न वळणारी नजर. ते मला सुखवायचं. मित्राबद्दल असं वाटू नये, पण वाटायचं. तू ते वाक्य बोलून मोकळा झाला असतास तर माझ्याकडे काय उरलं असतं?

तू मोकळा झाला नाहीस आणि लिहीत राहिलास. कंपनीनं माणसं घरी पाठवली तेव्हा ‘गेट नंबर तीन’ आलं. त्यात शेवटच्या दिवशी लॉकरची किल्ली परत करणारा म्हातारा दारात थांबतो, काहीतरी सांगायचं असतं, आणि तसाच निघून जातो. रावेतच्या शेतांवर टॉवर उभे राहिले, त्यावरच्या नाटकात थोरला भाऊ जमीन विकतो आणि बुजवलेल्या विहिरीबद्दल धाकट्याला सांगत नाही. चाकणच्या कंत्राटी पोरांवरचं तुझं शेवटचं नाटक. तिथं मशीनवर रोज नवा माणूस, आदल्याचं नाव कोणाला माहीत नाही, मग मशीन सांगणार कोण आणि कोणाला? ते नाटक लिहिताना तू मला चार वेळा चाकणला घेऊन गेलास.

तू या सगळ्या पट्ट्याचा इतिहास लिहिलास, असं सगळे म्हणतात. लिहिलासच. कारखाने आले, युनियन आल्या, माणसं घरी गेली, शेतं गेली, कंत्राटदार आले, यातलं तू काही सोडलं नाहीस. पण प्रत्येक नाटकात एक माणूस निघून जातो आणि जाताना सांगायचं ते सांगत नाही. काळ बदलत गेला, तो माणूस तोच राहिला. त्याला मी पहिल्या शिफ्टपासून ओळखत होतो.

कधी वाटतं, चौकशीच्या दुसऱ्या दिवशी तुला कॅन्टीनमध्ये गाठून मी म्हणालो असतो की पाचर तुझी, खोड माझी, आता सोडून दे, तर? तुझं ओझं उतरलं असतं. मग ही नाटकं आली असती का? मी मराठी नाटकासाठी गप्प बसलो, असं म्हणायला छान वाटेल. पण तसं काही नाही. मला बोलता आलं नाही, एवढंच.

दवाखान्यातल्या तुझ्या शेवटच्या दिवसांत मी सकाळी अकराच्या सुमारास येऊन बसायचो. झटक्यानं तुझी उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. एका सकाळी तू डाव्या हातानं माझा उजवा हात धरलास. इतक्या वर्षांत तू त्या हाताला कधी हात लावला नव्हतास. हात मिळवायची वेळ आली की खांद्यावर थाप मारून निभावून न्यायचास. त्या दिवशी जिथं बोटं नाहीत तिथं अंगठा फिरवलास आणि ओठ जुळवलेस. ‘पा,’ म्हणालास. थांबलास. पुन्हा म्हणालास, ‘पा.’ प्रज्ञानं विचारलं, काका, पाणी मागतायत का? मी म्हणालो, ‘व्हय, पाणीच.’ तिनं चमच्यानं पाणी पाजलं. तू ते प्यायलास आणि माझ्याकडे बघत राहिलास. पाणी असेल. पाटील असेल. आणि तिसरंच काही असेल तर मी दुसऱ्यांदा भलता शब्द दिला. त्यानंतर तू काही बोलला नाहीस.

गेल्या रविवारी मी रावेतला प्रज्ञाच्या घरी गेलो. तंबाखूची जुनी डबी बरोबर नेली होती. तिला समोर बसवलं, डबी उघडली, पाचर तिच्या हातात दिली आणि आता तुला सांगितलं ते सगळं तिला सांगितलं. तिनं तो कागद हळूच उलगडला. मळकट झालाय, पण पेन्सिल अजून दिसते. मला पाठच आहे.

‘निघालास?’

‘निघालो.’

(ठोका)

‘मग मशीन सांगून जा.’

काय म्हणावं तुला? मशीन सांगून जा असं लिहिलंस, त्याची घडी करून पाचरेला गुंडाळलीस, आणि पुढचं वाक्य पुटपुटत मशीन न सांगता गेलास. मला याचा राग यायचा, आणि कधी कधी एकट्यालाच हसू यायचं. प्रज्ञा हसली नाही. तिनं तो कागद दोनतीनदा वाचला.

‘बाबांनी तुम्हाला कधीच विचारलं नाही?’

‘न्हाई.’

‘आणि तुम्ही?’

‘मीबी न्हाई.’

तिनं कागद पुन्हा पाचरेला गुंडाळला. मग तिनं डोळे पुसले आणि चहा ठेवायला उठली. स्वयंपाकघरातूनच म्हणाली, ‘हे पुस्तकात घ्यायचं की नाही ते तुम्हीच ठरवा, काका. बोटं तुमची आहेत.’ तुझीच लेक. मलाच पेचात टाकून चहात साखर घालायला विसरली.

तर मी ठरवलंय. लोक म्हणतील, मित्र गेल्यावर म्हाताऱ्यानं डाव साधला. म्हणू देत. तुझं नाव मोठं आहे, ते एका पाचरेनं हलायचं नाही. आणि हलत असेल तर तुला ते चाललं असतं, असं मला चिंचवडच्या त्या प्रयोगापासून वाटत आलंय. तू बोलायला उठला होतास. मीच तुला खाली बसवलं. ‘खऱ्यात कुनी उठत न्हाई’ असं जन्मभर तुला ऐकवणारा मी, आणि तू उठलास तेव्हा घाबरलेलाही मीच. म्हणजे ते भांडण तू जिंकलास. हे तुला जिवंतपणी सांगायला हवं होतं.

बोटांचं म्हणशील तर जखम केव्हाच भरून आली. थंडीत जरा ठणकते. तुझ्यावर राग नाही. होता, पण तो तुझ्या नाटकांत कुठंतरी खर्ची पडला, मला कळलंही नाही. आता फक्त एक काम राहिलंय आणि ते माझ्या धंद्यातलं आहे.

मी विंगेत स्टुलावर बसलोय. वही मिटून ठेवलीय, या वाक्याला वही लागत नाही. चौकशीची खोली गप्प आहे, सगळे खाली मान घालून बसलेत, आणि तू उठून उभा आहेस. तू अडलायस, हे मला इथून दिसतंय. घाई करू नकोस, हवे तेवढे ठोके घे. पहिले दोन शब्द देतो. या वेळी तिसरा देणार नाही.

पाचर मी